जुनी खिडकी केव्हां बदलावी ?

जून महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मुंबईस नैर्ऋत्येचा पाऊस सुरू होतो, आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत व घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत असंख्य घरांत एक जुनाच विधि नव्यानें पार पडतो. खिडकीखालीं बालदी ठेवली जाते, चौकटीच्या कोपऱ्यांत जुनें फडकें कोंबलें जातें, भिंतीलगतचा पलंग हातभर अलीकडे ओढला जातो, आणि घरांतील कोणीतरी दरवर्षींचें वाक्य उच्चारतो : "या खिडक्या आतां बदलल्याच पाहिजेत." ऑक्टोबरांत ऊन पडतें, भिंत वाळते, फडकें काढून टाकलें जातें आणि त्याबरोबर वाक्यहि विसरलें जातें. अशा रीतीनें दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षें काढलेलीं घरें उपनगरांत मुद्दाम शोधावीं लागत नाहींत.

उपनगरांत हा प्रश्न एकाच काळीं इतक्या घरांना कां पडावा, याचें उत्तर उपनगरांच्या वाढीच्या इतिहासांत आहे. १८९६ सालच्या प्लेगनंतर शहरांतील वस्ती उत्तरेकडे सरकूं लागली. १९२० सालीं उपनगर जिल्हा निराळा झाला, १९२८ सालीं बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धांवूं लागली, १९५० सालीं अंधेरी व घाटकोपर आणि १९५७ सालीं बोरिवली व मुलुंड हीं गांवें महानगरपालिकेच्या हद्दींत आलीं. पुढें १९६० सालचा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम झाला आणि तीन-चार मजल्यांच्या सहकारी गृहसंस्था जागोजाग उभ्या राहिल्या. त्या इमारतींच्या खिडक्या बहुधा सागाच्या, कोठें लोखंडाच्या. अल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांचा प्रसार नंतरचा. म्हणजे एका पिढीनें एकदम बसविलेल्या खिडक्या आज एकदमच पन्नास-साठ वर्षांच्या झाल्या आहेत.

त्यांनीं सोसलेला पाऊसहि लहानसहान नव्हे. २००५ सालच्या २६ जुलै रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. पुण्यास सबंध वर्षांतहि सामान्यतः इतका पाऊस पडत नाहीं. तो दिवस अपवादाचा म्हणून सोडून दिला, तरी पश्चिमेस व दक्षिणेस तोंड असलेल्या खिडकीवर प्रत्येक पावसाळ्यांत वाऱ्यानें आडवें मारलेलें पाणी चार महिने आदळत असतें.

मुलुंडच्या पूर्वभागांतील एका संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावरचें एक घर उदाहरणादाखल डोळ्यापुढें आणावें. इमारत १९७२ सालची. घरांत सेवानिवृत्त आजोबा, आजी, मुलगा, सून आणि आठ वर्षांचा नातू. खिडक्या तीन. बाहेरच्या खोलीची पश्चिमेकडे, सागाची; झोपण्याच्या खोलीची दक्षिणेकडे, तीहि सागाची; स्वयंपाकघराची उत्तरेकडे, लोखंडाची. तीनहि खिडक्यांतून पाणी येतें, याविषयीं घरांत दुमत नाहीं. झोपण्याच्या खोलींत पलंगाच्या डोक्याशीं ओल येऊन भिंतीवर काळ्या बुरशीचा नकाशा उमटतो, आणि त्या पलंगावर निजणाऱ्या नातवाचा खोकला जुलैपासून दिवाळीपर्यंत हटत नाहीं. मुलानें तीनहि खिडक्या काढून सरकत्या बसविण्याचा आंकडा एका कंत्राटदाराकडून आणला आहे. तो आंकडा आजोबांच्या निवृत्तीच्या पैशांतील ठेव मोडल्यावांचून भरतां येण्यासारखा नाहीं. आजोबांना ठेव मोडणें मान्य नाहीं, सुनेला मुलाचा खोकला मान्य नाहीं, आणि दोघांचेंहि म्हणणें रास्त आहे.

अशा प्रसंगीं पहिला प्रश्न कोणती खिडकी घ्यावी हा नसून पाणी कोठून येतें हा आहे. हा प्रश्न न विचारतां केलेला खर्च पुष्कळदां वायां जातो. खिडकीजवळ ओल दिसली म्हणजे खिडकी दोषी, असें मानण्याची संवय आहे; परंतु खिडकी हें भिंतीला पाडलेलें भोंक असल्यामुळें भिंतींतून, छज्ज्यांतून अथवा वरच्या मजल्याच्या नळांतून आलेलें पाणी तेथेंच प्रकट होतें. चोर दुसराच असतो आणि खिडकी केवळ घटनास्थळ असते.

ओल केव्हां दिसते याची नोंद ठेवल्यास अर्धें काम होतें. वाऱ्याचा पाऊस सुरू होतांच थोड्याच वेळांत पाणी आंत आलें, तर झडपेची फट अथवा चौकट व भिंत यांमधील सांधा उघडा आहे असें समजावें. वारा नसतांहि दिवसभराच्या संततधारेनंतर ओल पसरूं लागली, तर छज्जा किंवा बाहेरचा गिलावा फुटलेला असण्याचा संभव अधिक. आणि फेब्रुवारी-मार्चमध्येंहि भिंत ओली राहत असेल, तर पावसाचा कांहीं संबंध नाहीं. कोठेंतरी नळ गळत आहे. ही नोंद वहींत न करतां भिंतीवरच करावी. ओलीच्या कडेनें पेन्सिलीची रेघ ओढून तारीख घालावी. पुढच्या पावसांत रेघ ओलांडली गेली कीं नाहीं हें शेजाऱ्यालाहि दिसतें आणि संस्थेच्या चिटणीसालाहि नाकारतां येत नाहीं.

दुसरी परीक्षा पाण्याची. ती कोरड्या दिवसांत करावयाची. एकानें खिडकीबाहेर हात काढून झारीनें किंवा नळीनें पाणी सोडावें, दुसऱ्यानें आंत विजेरी घेऊन उभें रहावें. पाणी खालून वर न्यावें, हा यांतील मुख्य नियम. प्रथम खालच्या कट्ट्यावर, दहा-पंधरा मिनिटें, आंत कांहीं न दिसल्यास चौकटीच्या बाजूंवर, मग झडपेवर, आणि शेवटीं वरच्या बिऱ्हाडाची परवानगी घेऊन त्यांच्या खिडकींतून छज्ज्यावर. आधींच वरून पाणी ओतलें तर तें सर्वत्र वाहतें आणि कोठून आंत शिरलें तें कळेनासें होतें. छज्ज्यावर स्वतः उतरण्याचें साहस मात्र कोणींहि करूं नये. पन्नास वर्षांच्या छज्ज्यांतील सळया आंतून किती गंजल्या आहेत हें वरून दिसत नाहीं.

मुलुंडच्या त्या घरांत नोव्हेंबरच्या एका रविवारीं ही परीक्षा झाली आणि तीन खिडक्यांचे तीन निरनिराळे निकाल लागले.

झोपण्याच्या खोलीची खिडकी निर्दोष निघाली. कट्ट्यावर, चौकटीवर, झडपेवर पाणी सोडलें तरी आंत थेंब आला नाहीं. छज्ज्यावर पाणी सोडल्यावर मात्र अर्ध्या तासांत पलंगाच्या डोक्याशीं पेन्सिलीच्या रेघेच्या आंत ओल दिसूं लागली. छज्जा जेथें भिंतीस मिळतो तेथें भेग होती. म्हणजे ज्या खिडकीमुळें सर्वांत अधिक त्रास होत होता ती बदलून कांहींच साध्य झालें नसतें. नवी कोरी खिडकी बसली असती आणि नातवाचा खोकला तसाच राहिला असता.

आतां छज्जा कोणाचा ? गृहसंस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणें इमारतीच्या बाह्य भागाची व सांगाड्याची दुरुस्ती संस्थेनें करावयाची आणि घराच्या आंतील दुरुस्ती सभासदानें. तेव्हां छज्ज्याच्या भेगेसाठीं सभासदानें ठेव मोडण्याचें कारण नाहीं. त्यानें लेखी अर्ज द्यावयाचा, पोंच घ्यावयाची आणि पेन्सिलीची रेघ दाखवावयाची. शिवाय मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब अन्वयें तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणें आवश्यक आहे. ज्या संस्थांनीं ती कागदापुरती उरकलेली नसते त्यांच्या अहवालांत अशा भेगा बहुधा आधींच नमूद असतात. सभासद मात्र तो अहवाल मागून वाचीत नाहींत.

बाहेरच्या खोलीची पश्चिमेकडील खिडकी खरोखर दोषी होती, पण अंशतः. येथें त्या घरानें एका वयस्क सुतारास बोलाविलें, ही गोष्ट चांगली झाली. कारण नवी खिडकी विकणाऱ्यास जुनी खिडकी दुरुस्त होण्यासारखी आहे काय, हें विचारण्यांत अर्थ नसतो. सुतारानें टोच्या काढला आणि चौकटीच्या उभ्या लांकडांत दाबून पाहिला. तो शिरला नाहीं. खालच्या आडव्या लांकडांत, डाव्या कोपऱ्याशीं, तो दोन बोटें आंत गेला.

"काका, उभीं लांकडें खणखणीत आहेत," सुतार म्हणाला. "खालचें तेवढें गेलें. तें कापून सागाचा जोड देतों. सगळी चौकट उपटली तर गिलाव्याचा खर्च माझ्या मजुरीहून जास्त होईल."

"मिस्त्री, जोड किती वर्षें टिकेल ?" आजोबांनीं विचारलें.

"पाणी उभें राहिलें नाहीं तर माझ्यामागेंहि टिकेल. उभें राहिलें तर तीन पावसाळे. हा कट्टा आंतल्या बाजूला उतरता आहे बघा. आधीं तो बाहेरच्या बाजूला उतरता करा."

मुलाचें समाधान झालें नव्हतें. "बाबा, इमारतींत सगळ्यांनीं सरकत्या बसविल्या. आपणच किती दिवस कडी-कोयंडे ओढीत बसायचें ?"

"अरे, सगळ्यांच्या घरांत दुपारीं दिवे आणि पंखे दोन्ही चालू असतात, तेंहि पहा कीं."

आजोबांच्या या उत्तरांत थोडा हट्ट असला तरी तथ्यहि आहे. संस्कृतांत खिडकीस वातायन म्हणतात, म्हणजे वाऱ्याची वाट. इंग्रजी शब्दाचें मूळहि 'वाऱ्याचा डोळा' अशा अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दांत आहे. दोन दारांची सरकती खिडकी पूर्ण उघडली तरी एक दार दुसऱ्याच्या मागें जाऊन बसतें आणि अर्धा भाग कायमचा बंदच राहतो. बिजागरीवर उघडणारी जुनी खिडकी सबंध उघडते. घामट हवेच्या या प्रदेशांत, जेथें वाऱ्याची झुळूक हाच पुष्कळ घरांचा मुख्य आधार, तेथें अर्धी हवा गमावणें हा क्षुल्लक तोटा नव्हे. जागा अपुरी असेल, दार उघडतांच पडदा वा माणूस आडवा येत असेल, तर सरकती खिडकी सोयीची हें खरें. परंतु सोयीची किंमत हवेंत मोजावी लागते हें घेणाऱ्यास आधीं कोणी सांगत नाहीं. अल्युमिनियमच्या अथवा यूपीव्हीसीच्या खिडक्या बिजागरीच्याहि मिळतात; मागितल्यास मिळतात, एवढेंच.

जुन्या सागाविषयीं येथें थोडें सांगितलें पाहिजे. पूर्वींच्या इमारतींत ब्रह्मदेशाचा किंवा बलसाडकडचा साग वापरीत. त्या लांकडांतील नैसर्गिक तेलामुळें वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीं आणि पाणीहि सहजीं मुरत नाहीं. तें कुजतें तें बहुधा खालच्या कोपऱ्यांत, जेथें लांकडाचीं उघडीं टोंकें पाणी शोषून घेतात. बाकीचें अंग शाबूत असतां सर्व खिडकी भंगारांत देणें म्हणजे दांत किडला म्हणून जबडा काढण्यासारखें आहे. गोव्याच्या जुन्या घरांत कांचेऐवजीं शिंपल्याच्या पातळ चकत्या बसविलेल्या खिडक्या असत. एक चकती फुटली तर तेवढीच बदलीत. लांकडी खिडकीची रचनाच तुकड्यातुकड्यानें दुरुस्त होण्याची असते, आणि जुन्या सागाचें मोल ओशिवऱ्याकडच्या जुन्या लांकडी सामानाच्या व्यापाऱ्यांना घरमालकापेक्षां अधिक ठाऊक असतें. फुकट उचलून नेण्याची तयारी दाखविणारा मनुष्य परोपकारी असतोच असें नाहीं.

सागाच्या खिडकीच्या बाबतींत दोन चुका नित्य घडतात. पहिली, जुलै महिन्यांत झडप फुगून अडूं लागली म्हणजे लागलीच तिला रंधा मारणें. पावसाळ्यांत लांकूड फुगतें आणि हिवाळ्यांत आकसतें. जुलैंत बरोबर बसणारी झडप जानेवारींत फट दाखविते, आणि पुढच्या जूनमध्यें त्याच फटींतून पाणी येतें. रंधा मारावयाचा तो कोरड्या दिवसांत, थोडा, आणि उघड्या पडलेल्या कडेस त्याच आठवड्यांत रंग लावून. दुसरी चूक अधिक गंभीर आहे. जुन्या खिडकीवर तैलरंगाचे अनेक थर असतात आणि जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव मोठा. घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षां अधिक असूं नये, हा नियम भारतांत २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्यापूर्वींच्या रंगाची हमी कोण देणार? कोरड्या कागदानें घांसून उडविलेली धूळ लहान मुलांच्या पोटांत गेल्यास त्यांच्या मेंदूच्या वाढीस अपाय होतो. म्हणून थर ओला करून घांसावा, खालीं प्लास्टिक अंथरावें, जमीन झाडूं नये तर ओल्या फडक्यानें पुसावी, आणि मुलांना दोन दिवस मामाकडे पाठवावें.

स्वयंपाकघरांतील लोखंडी खिडकीचा निकाल मात्र एका दृष्टिक्षेपांत लागला. तिच्या खालच्या पट्टीचे पापुद्रे सुटले होते. लोखंड गंजलें म्हणजे मूळच्याहून कितीतरी अधिक जागा व्यापतें. त्या फुगण्यानें कांच तडकते आणि भोंवतालचा गिलावा फुटतो. चौकटच वांकडी झाल्यामुळें झडप लागत नव्हती. बिजागऱ्या रंगाखालीं एकजीव झाल्या होत्या. हिला दुरुस्ती नाहीं. खिडकी मेली हें ओळखण्याच्या खुणा अशाच आहेत : चौकट हलते, झडप कोणत्याहि ऋतूंत लागत नाहीं, टोच्या उभ्या लांकडांतहि शिरतो, अथवा गंजानें पट्टीची जाडीच उरलेली नाहीं. यांपैकीं एखादी खूण स्पष्ट असेल तर आणखी एक रंगाचा हात देणें हें पैसे पाण्यांत टाकणेंच होय, आणि तेथें काटकसरीचा अभिमान सोडला पाहिजे.

जातां जातां अल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांविषयीं. त्या पंचवीस-तीस वर्षांच्या झाल्या आहेत आणि त्यांतूनहि पाणी येतें म्हणून लोक त्या बदलूं पाहतात. त्यांच्या खालच्या पट्टींत बाहेरच्या बाजूस लहान भोंकें असतात. पट्टींत सांचलेलें पाणी त्यांतून बाहेर जावें अशी योजना असते. धूळ, सिमेंट आणि कबुतरांचीं पिसें यांनीं तीं बुजतात, पाणी तुंबतें व आंत येतें. हिराची काडी घालून तीं मोकळीं केल्यावर कित्येक खिडक्यांचा रोग विनामूल्य बरा होतो. ब्रशच्या पट्ट्या व खालचीं चाकें झिजलीं असतील तर तींहि निराळीं मिळतात.

आतां ज्या प्रश्नानें उपनगरांतील निर्णय खरोखर अडून राहतात त्याकडे वळलें पाहिजे. तो प्रश्न पुनर्विकासाचा. मुलुंडच्या त्या इमारतींतहि त्याची वार्ता होती. "इमारत पडणारच आहे, मग खिडकीवर पैसे कशाला ?" हें वाक्य तेथें कित्येक वर्षें ऐकूं येत होतें, आणि तितकेच पावसाळे बालद्यांत गेले होते. सहकारी संस्थांच्या पुनर्विकासाची रीत शासनानें कलम ७९-अ खालीं ३ जानेवारी २००९ रोजीं ठरवून दिली आणि ४ जुलै २०१९ रोजीं ती सुधारली. विशेष सर्वसाधारण सभा, वास्तुविशारदाची नेमणूक, प्रकल्पाचा अहवाल, निविदा, विकासकाची निवड, करार, महानगरपालिकेच्या परवानग्या आणि मग घरें रिकामीं करणें, असा तो मार्ग आहे. त्यांत एखादा वारसाचा तंटा किंवा न्यायालयाची पायरी आली म्हणजे वर्षें कशीं जातात हें कळत नाहीं. सभेंत टाळ्या पडल्या म्हणजे इमारत पडली, असें नव्हे.

म्हणून कागद कोठवर आला आहे हें पहावें. करार नोंदला गेला असून जागा सोडण्याची तारीख लेखी हातीं आली असेल, तर नवी खिडकी करणें वेडेपणाचें होईल; फटी बुजवून, कट्ट्यावर पत्रा बसवून वेळ मारून न्यावी. चर्चा, निविदा किंवा आश्वासन एवढ्यावरच गोष्ट असेल, तर पुनर्विकास नाहींच असें धरून चालावें. दोनाहून अधिक पावसाळे काढण्याचा संभव दिसत असेल तर मेलेली खिडकी बदलावी आणि जिवंत खिडकी दुरुस्त करावी. गेलेल्या पैशापेक्षां आठ वर्षांच्या मुलाचे दोन पावसाळे स्वस्त आहेत असें मानण्याचा हिशेब कोणत्या शाळेंत शिकवितात ? याच्या उलट, संस्था बाहेरून सबंध गिलावा व रंग करणार असेल, तर मात्र थांबण्यांत शहाणपण आहे. परांची बांधलेली असतां, गिलाव्याच्या आधीं खिडकी बसविली म्हणजे सांधा बाहेरून नीट भरतां येतो. रंग झाल्यावर भिंत फोडणारा सभासद स्वतःचें व संस्थेचें दोघांचेंहि नुकसान करतो.

काम कोणत्या महिन्यांत करावें हेंहि यावरूनच ठरतें. रोग कळतो पावसाळ्यांत, भिंत वाळते दिवाळीनंतर, आणि काम उत्तम होतें डिसेंबर ते मार्च. मे महिन्यांत घाई करणाऱ्यास चांगला कारागीर मिळत नाहीं. पुष्कळसे गांवीं गेलेले असतात व उरलेल्यांकडे सर्व उपनगर धांवत असतें. ओल्या भिंतीवर भरलेली लांबी आणि ओल्या लांकडावर दिलेला रंग पहिल्या पावसांतच निघून येतो.

नवी खिडकी घेतांना पदार्थाच्या नांवापेक्षां बांधणीकडे लक्ष द्यावें. अल्युमिनियम कुजत नाहीं, पण पातळ पट्टी वाऱ्यानें थरथरते. यूपीव्हीसीची पट्टी पोकळ असते, तिच्या पोटांत पोलादी पट्टी घातली आहे कीं नाहीं हें पाहून घ्यावें. वर्सोवा-गोराईकडच्या खाऱ्या वाऱ्यांत बिजागऱ्या व खिळे गंजरोधक पोलादाचे असावेत. दोन कांचांमध्यें हवा कोंडलेल्या महागड्या खिडक्यांची हल्लीं जाहिरात फार. थंड देशांत त्यांचा उपयोग निःसंशय आहे, पण जेथें खिडकी दिवसाचा बहुतेक वेळ उघडीच ठेवावयाची तेथें त्यांचें काय काम? वातानुकूलित खोलीपुरतें तें ठीक. घाटकोपरवरून उतरणाऱ्या विमानांचा अथवा लालबहादुर शास्त्री मार्गावरील वाहनांचा आवाज मुख्यतः फटींतून येतो. फटी बुजल्या आणि कांच जाड असली कीं पुष्कळ कमी होतो. उन्हावर मात्र कांचेपेक्षां छज्जा श्रेष्ठ. मुंबई एकोणीस अंश अक्षांशावर असल्यामुळें मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित् उत्तरेकडे असतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीसहि छज्जा लागतो. पश्चिमेच्या तिरप्या उन्हास तोहि पुरत नाहीं. तेथें बाहेरून चटई किंवा चिकाचा पडदा सोडणें हाच जुना उपाय अजून सर्वांत चांगला.

बसवितांना माप तीन ठिकाणीं घ्यावें, वर, मध्यें आणि खालीं. जुन्या भिंती गुण्यांत नसतात. खालचा कट्टा बाहेर उतरता हवा, भिंतीच्या पुढें थोडा आलेला हवा, आणि त्याच्या पुढच्या कडेखालीं बोटाएवढी खांच हवी, म्हणजे पाणी उलटें भिंतीकडे न वळतां तेथून सुटून पडतें. ही खांच फुकट पडते आणि बहुतेक ठिकाणीं तीच विसरली जाते. सर्व रक्कम आगाऊ देऊं नये; कांचेची जाडी, पट्टीची जाडी, कट्टा कोण करणार, फुटलेला गिलावा कोण भरणार, हें सर्व कागदावर असावें. कमिटीची लेखी परवानगी आधीं घ्यावी. आणि खिडकी मोठी करण्याचा मोह टाळावा. दोन फूट अधिक उजेडासाठीं लिंटल, खांब किंवा भार वाहणारी भिंत यांना हात लावणें हा गुन्ह्यासारखा प्रमाद आहे. २०१७ सालच्या २५ जुलै रोजीं घाटकोपर येथें चार मजली इमारत कोसळून १७ माणसें प्राणास मुकलीं, आणि तळमजल्यावर चाललेल्या फेरफाराच्या कामाकडे संशयाचें बोट दाखविलें गेलें. एकाच्या घरांतील सुधारणा ही शेजाऱ्याच्या डोक्यावरचें छप्पर असते.

ग्रिल नवें करावयाचें झाल्यास त्याचा एक भाग बिजागरीवर उघडणारा ठेवावा, आणि त्याची किल्ली घरांतील लहानथोरांस अंधारांतहि सांपडेल अशा एकाच ठरलेल्या खिळ्यास टांगावी. चोरासाठीं लावलेले गज आगीच्या वेळीं घरच्यांनाच कोंडून ठेवतात. पेटीसारखें पुढें काढलेलें ग्रिल, त्यांत कुंड्या, जुन्या बाटल्या आणि मोडकी सायकल, हें दृश्य उपनगरांत इतकें परिचित आहे कीं त्याचें वजन जुन्या भिंतीला टांगलेलें असतें याचा विसर पडतो.

मुलुंडच्या त्या घरांत स्वयंपाकघराची खिडकी जानेवारींत नवी झाली. अल्युमिनियमची, बिजागरीवर उघडणारी. बाहेरच्या खोलीच्या चौकटीस फेब्रुवारींत सागाचा जोड बसला, कट्टा बाहेर उतरता झाला, आणि तो बरोबर झाला कीं नाहीं हें नातवानें गोटी सोडून तपासलें. दोहोंचा खर्च कंत्राटदाराच्या आंकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी आला व ठेव शाबूत राहिली. झोपण्याच्या खोलीच्या छज्ज्याविषयीं अर्ज गेला, पोंच मिळाली, चिटणीस येऊन पेन्सिलीची रेघ पाहून गेले, आणि विषय पुढील सभेच्या पत्रिकेवर आला. सभा गणसंख्येअभावीं तहकूब झाली. जूनमध्यें आजीनें नातवाचा पलंग बाहेरच्या खोलींत, पश्चिमेच्या खिडकीखालीं आणविला. तीन बालद्यांपैकीं दोन आतां न्हाणीघरांत परत गेल्या आहेत. तिसरी छज्ज्याखालच्या भिंतीशीं आहे, आणि आजोबांनीं दुसरा अर्ज लिहावयास घेतला आहे.